एका घराला एक आकडा

ज्या वर्षी दादाच्या मुलीला मुलगी झाली आणि दादा शहात्तराव्या वर्षी चहा करायला शिकला, त्या वर्षीची ही गोष्ट. वहिनी बाळंतपणासाठी मार्चच्या सुरुवातीला मुलीकडे गेल्या. तीन आठवड्यांत येते म्हणाल्या, आणि साथ आली. गाड्या बंद, रस्ते बंद. नात जन्मली, हसायला लागली, पालथी पडायला लागली, आणि हे सगळं दादाने फोनच्या काचेतून पाहिलं. काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला होता. त्यामुळे नातीचा डावा कान आम्हांला सप्टेंबरपर्यंत नीट दिसला नव्हता. दादा म्हणायचा, "कान माझ्यावर गेलाय, पण खात्री करायला जावं लागेल."

घरात उरलो आम्ही दोघे. दादा शहात्तरचा, मी एकाहत्तरचा. माझी बायको जाऊन बारा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं, तेव्हा माझं घर म्हणजे दादाचंच घर. खाली आमची लाँड्री, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. साथीत कोणी कपडे टाकायला येईना. माणसं घरातच बसणार असतील तर इस्त्रीचा सदरा कोणाला दाखवायचा?

आम्हां भावांचं एका गोष्टीवर कधी पटलं नाही, ती म्हणजे राजकारण. दादा एका पक्षाचा, मी दुसऱ्याचा. चाळीस वर्षं मतदानाला आम्ही एकाच स्कूटरवरून गेलो. प्रेमाने नाही. दुसऱ्याने जाऊन मत टाकलं आणि आपण घरी राहिलो तर काय, या धास्तीने. वहिनी म्हणायच्या, "दोघांचं मिळून शून्यच होतं. त्यापेक्षा घरी बसा, पेट्रोल तरी वाचेल."

आता साथीतही दोन पक्ष झाले. नगरपालिका दादाच्या पक्षाकडे होती, आणि त्यांचं म्हणणं असं की उगाच तपासण्या करायच्या नाहीत. चौकात त्यांनी पाटी लावली होती, 'आज नवे रुग्ण' आणि त्यापुढे खडूने शून्य. ते शून्य रोज पुसून रोज नव्याने काढत. आमच्या पक्षाचं म्हणणं, घरोघरी तपासा. नाकात कापसाची काडी घालून नमुना घेतात, म्हणून गल्लीत आमचं नाव पडलं काडीवाले आणि त्यांचं बिनकाडीवाले. काड्या लावायचं काम मात्र दोघांनीही सारख्याच निष्ठेने केलं.

रोज सकाळी चहाला आमचा हा वाद व्हायचा.

"डाग बघितला नाही म्हणजे कपडा स्वच्छ होतो का रे दादा?" मी म्हणायचो.

"डागच शोधत बसलास तर गिऱ्हाईक कपडा घेऊन पळतं," दादा म्हणायचा. "छोट्या, तुझी काडी नाकात गेली आणि कागदावर पॉझिटिव्ह आलं की त्या माणसाच्या दाराला पट्टी लागते. त्याची नोकरी जाते. दूधवाला दूध ठेवत नाही. अर्धी माणसं रोगाने नाही, शेजाऱ्यांनी मरतील."

यात तथ्य नव्हतं असं नाही. पण भावाच्या बोलण्यात तथ्य आहे हे चहा संपायच्या आत कबूल करणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी एकाहत्तराव्या वर्षीही 'छोट्या' होतो, हाही एक मुद्दा होताच.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते पुढे लागणार आहे. आमच्या लहानपणी घरात एकालाच शाळेत घालायची ऐपत होती, आणि दादा आधी जन्मला होता. मी अकराव्या वर्षी इस्त्री धरली. मला आकडे येत, अक्षरं येत नसत. म्हणून आमच्या लाँड्रीत गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी कधीच नव्हती. एका घराला एक आकडा. बारा नंबरच्या घरातून चार सदरे, दोन चादरी आल्या की सहाही कपड्यांच्या आतल्या शिवणीवर न पुसणाऱ्या शाईने बारा. गठ्ठा बांधायचा, घरी पोचवायचा. कुठला सदरा बापाचा आणि कुठला लेकाचा, ते घरचे लोक ओळखतात. आमच्या स्वतःच्या घराचा आकडा एक. दादाच्या आणि माझ्या सगळ्या सदऱ्यांवर तो होता.

पुढे माझ्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी दादानेच मला अक्षरं शिकवली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की इस्त्रीच्या टेबलावर पेपर पसरायचा आणि बोट ठेवून वाचायला लावायचा. पेपर अर्थातच त्याच्या पक्षाचा. मला धड वाचता येऊ लागल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर दुसऱ्या पक्षाचा पेपर लावला. दादा म्हणाला, "बघा! मी शाळा काढली आणि पहिलाच विद्यार्थी विरोधात गेला." नावं लिहिता यायला लागली, तरी दुकानातले आकडे काही बदलले नाहीत. हाताला लागलेलं वळण.

तर, ऑगस्टच्या शेवटी आमच्या पक्षाने ठरवलं की प्रत्येक प्रभागात तपासणी शिबिर भरवायचं. मी प्रभागाचा चिटणीस. चिटणीस म्हणजे सतरंज्या उचलणारा, पण पद ते पद. मी अर्ज घेऊन आरोग्य खात्याच्या खिडकीपाशी गेलो. आतला लेखनिक काचेआडून म्हणाला, "प्रभाग समितीची ना-हरकत आणा." समितीचा अध्यक्ष साथीला भिऊन सासुरवाडीला जाऊन बसला होता. त्याचा कारभार उपाध्यक्षाकडे. उपाध्यक्ष म्हणजे आमचा दादा.

घरी आलो, चहा केला, आणि 'माननीय उपाध्यक्ष महोदय' यांच्या नावाचा अर्ज कपाशेजारी ठेवला. दादाने चष्मा लावला, अर्ज वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला.

"कार्यालयीन वेळेत या," म्हणाला.

"दादा, तू माझ्यासमोर बसलायस!"

"मी आत्ता घरी आहे."

कार्यालयीन वेळ अकरा ते एक. कार्यालय म्हणजे रस्त्यापलीकडे त्याच्या पक्षाची खोली. दुसऱ्या दिवशी अकराला गेलो. आम्ही दोघे घरातून एकत्रच निघालो होतो. त्याने कुलूप उघडलं, आत गेला, आणि मला बाहेरच्या बाकावर थांबायला सांगितलं. बाकावर दुसरं कुणीही नव्हतं. अर्ध्या तासाने आतून आवाज आला, "पुढचे!"

मी आत गेलो. त्याने अर्ज पुन्हा वाचला, जणू पहिल्यांदाच बघतोय. "प्रभागात रुग्ण शून्य असताना शिबिराचं प्रयोजन काय?"

"शून्य आहे की नाही ते बघणं, हेच प्रयोजन."

"अर्ज विचारार्थ ठेवून घेत आहोत," उपाध्यक्ष म्हणाले. मग खाली वाकून हळूच, "येताना कांदे आणायचे राहिलेत. घेऊन ये."

अपमान गिळला आणि कांदे आणले.

हे असंच चाललं असतं. पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. गाडी सुरू झाली होती. आठवड्याच्या आतला तपासणीचा दाखला असेल आणि त्यावर निगेटिव्ह लिहिलेलं असेल, तर बसू देत होते. "पोरगी कामावर जायला लागली, बाळाला टाकून मला निघता येत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच या. ती आता माणसं ओळखायला लागलीय. उशीर केलात तर रडेल तुम्हांला बघून."

दादा दोन दिवस बोलला नाही. चहाला वाद घातला नाही, तेव्हाच मी काय ते समजलो. तिसऱ्या दिवशी तो जिन्यात थांबला. पाठमोरा. म्हणाला, "तुझ्या शिबिराला सही देतो. त्यावर माझा वैयक्तिक विरोध नोंदवणार."

"नोंदव."

"आणि माझा नमुना आधी घ्यायचा. कोणी यायच्या आत, मागच्या दाराने. पक्षात कळलं तर मी सांगणार की तू मला धरून बांधलंस."

"मी? तुला?"

"इस्त्रीच्या दोरीने," दादा म्हणाला आणि खाली गेला.

मला त्या दिवशी इतका आनंद झाला की लाज वाटते सांगायला. भाऊ नातीला भेटेल याचा आनंद होता, नाही असं नाही. पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा दादा हरला होता, याचाही होता. कुठला किती, ते मी तेव्हा मोजलं नाही.

शाळेने खोली द्यायला नकार दिला, म्हणून शिबिर आमच्या लाँड्रीतच भरलं. इस्त्रीचं लांब टेबल धुऊन पुसून घेतलं, वरच्या तारेवरचे हँगर काढले. नर्सबाई सकाळी साडेसातला आल्या. पायापासून डोक्यापर्यंत प्लास्टिकचा पोशाख, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्यावर वाफ. त्यांच्याबरोबर फॉर्म लिहिणारा माणूस यायचा होता, तो आला नाही. त्याच्याच इमारतीला पट्टी लागली होती.

"लिहायला कुणीतरी लागेल हो," नर्सबाई म्हणाल्या. "बाटल्यांवर नंबर, यादीत नोंद."

"बाई, खुणा घालण्यात माझी साठ वर्षं गेलीत," मी म्हणालो. एखाद्या निवृत्त सेनापतीला पुन्हा बोलावणं यावं तशी माझी छाती फुगली. शाईची बाटली काढली. ही शाई उकळत्या पाण्यात जात नाही, हेही त्यांना सांगितलं. त्या बिचाऱ्यांना त्याचं काय.

दादा मागच्या दाराने आला, टोपी कपाळावर ओढून, स्वतःच्याच दुकानात चोरासारखा. काडी नाकात गेल्यावर शिंकला आणि म्हणाला, "एवढ्यासाठी तुमचा पक्ष रस्त्यावर उतरला?" मग माझाही नमुना घेतला. काडीवाल्यांच्या चिटणिसाने काडी घेतली नाही असं व्हायला नको. दोन्ही बाटल्यांवर मी आकडा घातला. एक. आणि एक.

दिवसभरात सतरा घरांतली त्रेचाळीस माणसं आली. मी सुंदर आकडे काढले. यादीही केली. घर एक, नमुने दोन. घर दोन, नमुने चार. संध्याकाळी नर्सबाईंनी खोका उचलला, तेव्हा त्या उभ्या उभ्या झोपतील की काय असं वाटत होतं. सदरा कोणाचा हे घरचे ओळखतात. नमुना कोणाचा हे घरचे कसे ओळखणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. शपथेवर सांगतो, शिवलासुद्धा नाही.

पुढचे तीन दिवस घरात मोठी धामधूम होती. दादाची मंगळवारची गाडी ठरली. त्याने स्वतःचे पाच सदरे इस्त्री केले, सहावा केला, पुन्हा पहिला केला. नातीसाठी आणलेलं झबलं मात्र त्याने माझ्याकडे दिलं. झबलं इस्त्रीपेक्षा लहान होतं. मी नुसत्या टोकाने, श्वास धरून केलं. दादा शेजारी उभा राहून सूचना देत होता. "जाळशील. जाळलंस. नाही जाळलंस. गळ्यापाशी सुरकुती राहिलीय बघ."

सोमवारी दुपारी अहवाल आला. त्रेचाळीसपैकी पाच पॉझिटिव्ह. घर क्रमांक चार, एक पॉझिटिव्ह. घर क्रमांक नऊ, एक. क्रमांक अकरामध्ये दोन. आणि सगळ्यांत वर, क्रमांक एक, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह.

मी कागद दोनदा वाचला. दादाने एकदाच वाचला.

"कोण?" त्याने विचारलं.

मी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

"छोट्या, कोण? तू नाव नाही घातलंस?"

तेवढ्यात गल्लीत बोंब उठली. चार नंबरच्या घरात निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आणि त्यांचे यजमान, दोघेच राहत. दोघे दोन खिडक्यांतून एकमेकांकडे बोट दाखवत होते. मला बघून बाई कडाडल्या, "पस्तीस वर्षं मी हजेरी घेतली! आणि तुम्ही अख्ख्या वर्गाला एकच नंबर दिलात?" अकरा नंबरात सहा माणसं, त्यांतले दोन कोण यावर सासू-सुनेची जुनी भांडणं नव्याने निघाली. आमच्या पक्षाच्या वरच्या माणसाचा फोन आला. "काका, आपला मुद्दा तुम्ही धुऊन, वाळवून, इस्त्री करून त्यांच्या हातात दिलात." माझं चिटणीसपद पाच मिनिटांत गेलं. दादाच्या पक्षाने संध्याकाळपर्यंत पत्रक काढलं, 'तपासणीचा फज्जा'. त्यावर उपाध्यक्ष म्हणून दादाचंच नाव छापलं होतं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

मी आरोग्य खात्यात फोन लावला. तोच लेखनिक.

"साहेब, दोघांपैकी एक निगेटिव्ह आहे. त्याला उद्या गाडी गाठायचीय."

"कोण निगेटिव्ह आहे?"

"तेच तर तुम्ही सांगायचं."

"आमच्याकडे घर क्रमांक एक बाधित आहे. घर बाधित म्हणजे घरातले सगळे आत. चौदा दिवस."

"मग पुन्हा तपासा."

"चौदा दिवसांच्या आत एका घराची दुसरी तपासणी होत नाही. नोंदीत दुरुस्ती हवी तर नमुना घेणाऱ्या नर्सबाईंची सही आणा."

"त्या कुठे भेटतील?"

"त्या आजारी आहेत. त्यांनाच झालंय."

संध्याकाळी दाराला पट्टी लागली. दादाची बॅग जिन्याच्या पायरीवर तशीच होती. वहिनींना फोन त्यानेच केला. "गाडी पुढे गेली गं," म्हणाला. "नाही नाही, माझं काही नाही. सरकारी काम." माझं नाव घेतलं नाही.

आता दोघांपैकी कोण, हा प्रश्न होता. मला तो प्रश्नच वाटत नव्हता. दादाला खोकला होता. तो तीस वर्षांपासून होता, वाफेने आणि डाग काढायच्या औषधाने झालेला, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि साथीत कानावर पडणं वेगळं. मला तर शिंकही नव्हती. मी ठणठणीत. तेव्हा रोगी दादा आणि निरोगी मी, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं.

मुख्याध्यापिकाबाईंचा राग दोन दिवसांत उतरला. त्यांनी खिडकीतून सल्ला दिला. "भाऊ, उत्तर माहीत नसेल तर दोन्ही बाजू सारख्या धरायच्या. दोघं दोन खोल्यांत राहा, दोघंही तोंड झाका. आम्ही तेच करतोय. हे स्वयंपाकघरात, मी बाहेर. तीस वर्षांत एवढी शांतता नव्हती."

दादाही तेच म्हणत होता. "तू मागच्या खोलीत राहा. मी पुढे. जेवण दाराशी ठेवू."

"आजारी माणसाला एकटं टाकू?" मी म्हणालो.

"आजारी कोण हे कळायचंय अजून."

"खोकतोस तू."

"मी इंदूच्या लग्नाआधीपासून खोकतोय!" इंदू म्हणजे त्याची मुलगी.

पण मी ऐकलं नाही. गाडी माझ्यामुळे चुकली होती, ते मनाला खात होतं. भरपाई म्हणून मी त्याची सेवा करायला घेतली. त्याला तोंडाला मास्क बांधायला लावला. मी स्वतः बांधला नाही, कारण निरोगी माणसाने बांधून काय करायचं? दिवसातून तीनदा त्याला वाफ दिली, डोक्यावरून चादर घेऊन, मीही त्याच चादरीत, भांडं कलंडू नये म्हणून. पाय चेपले. भात कालवून दिला. त्याच्या खाटेशी बसून त्याच्याच पक्षाचा पेपर मोठ्याने वाचून दाखवला. अडलो की तो सांगायचा. वीस वर्षांत आम्ही इतके जवळ बसलो नव्हतो. खरं सांगायचं तर मला ते दिवस आवडले होते.

एका दुपारी तो म्हणाला, "तुला शाळेत घालायला हवं होतं आणि मला दुकानात."

"का?"

"तू नावं लिहिली असतीस. आणि मी काही शिबिरं भरवली नसती."

आम्ही दोघेही हसलो. त्याला हसताना खोकला आला. मी म्हणालो, "बघ, वाढतोय." तो म्हणाला, "तू हसवू नकोस, मग वाढणार नाही."

आठव्या दिवशी त्याला ताप आला. मी मनात म्हटलं, माझंच खरं निघालं. माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं. ते लिहून ठेवतो, कारण वगळलं तर बाकीचं खोटं होईल.

नवव्या दिवशी सकाळी फोन वाजला. नर्सबाई बऱ्या होऊन घरी आल्या होत्या. माझे चार निरोप त्यांना त्या दिवशी मिळाले.

"काका, एवढंच ना?" त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता. "मी प्रत्येकाला वय विचारते आणि बाटलीच्या झाकणावर टाकते. लिहिणारा नसला की सवयच आहे मला. तुमच्या घरचे दोघे म्हणजे एकाहत्तर आणि शहात्तर, बरोबर? मी प्रयोगशाळेला आत्ताच विचारलं. झाकणं ठेवलीत त्यांनी."

"मग?"

"एकाहत्तर पॉझिटिव्ह. शहात्तर निगेटिव्ह होते. शहात्तरवाल्यांना सांगा, काळजीचं कारण नाही. उद्या दुरुस्तीच्या अर्जावर सही करून पाठवते."

मी फोन खाली ठेवला. दादा खाटेवरून बघत होता. अंगावर दोन चादरी, तरी दात वाजत होते.

"काय म्हणाल्या?"

मी भिंतीकडे तोंड केलं. तो म्हणाला, "म्हणजे मी निगेटिव्ह होतो."

"हो."

"तू जिंकलास की. तपासणी खरी निघाली."

"दादा, गप्प बस."

"आणि घेतली नसती तर ना दाराला पट्टी लागली असती, ना तू माझ्या खाटेशी येऊन बसला असतास, म्हणजे मीही जिंकलो." तो खोकला. बराच वेळ खोकला. "मिळून शून्यच. वहिनी तुझी बरोबर सांगायची."

मग त्याने हात लांब केला. मी उठून मागच्या खोलीकडे सरकत होतो, आता अंतर ठेवायला. "आता कुठे पळतोस?" दादा म्हणाला. "आता काय उपयोग? बस इथे. पाय चेप."

अकराव्या दिवशी त्याला धाप लागली. रुग्णवाहिका आली. पट्टी लागलेल्या घरातला म्हणून मला बरोबर जाऊ देईनात. मी खिडकीत उभा. साथीच्या रुग्णालयाच्या फाटकावर त्यांनी दादाचा अहवाल मागितला. नर्सबाईंच्या सहीने तो आदल्याच दिवशी दुरुस्त होऊन आला होता. इतक्या दिवसांत सरकारी काम तेवढं एक वेळेवर झालं. त्यावर पहिल्यांदाच दादाचं पूर्ण नाव होतं आणि पुढे निगेटिव्ह लिहिलं होतं. म्हणून ते म्हणाले, आम्ही निगेटिव्ह घेत नाही. दुसऱ्या रुग्णालयात नेलं. ते म्हणाले, ताप आहे, धाप आहे, आम्ही साथीचा रुग्ण घेत नाही. चार तास दादा गाडीतच होता. त्याने मला तिथून फोन केला. बोलताना शब्दाशब्दाला थांबत होता.

"छोट्या, मी कुठल्याच पक्षात बसत नाहीये."

मी त्याच्या पक्षाच्या नगरसेवकाला फोन लावला. चौकातलं शून्य काढायला लावणारा माणूस तोच. मला वाटलं, आता पाटी आठवेल याला, उपाध्यक्षांचं नाव बाहेर येऊ नये म्हणेल. तो म्हणाला, "मी निघालो." अर्ध्या तासात फाटकावर जाऊन उभा राहिला, आरडाओरडा केला आणि खाट मिळवली. नंतर मला म्हणाला, "माझं पहिलं भाषण दादांनी लिहून दिलं होतं, काका." चाळीस वर्षं मी त्या माणसाच्या पक्षाला शिव्या दिल्या होत्या. त्या दिवसानंतर मोठ्याने दिल्या नाहीत.

माझे चौदा दिवस संपले, पट्टी निघाली. मी रोज रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचो. आत सोडत नव्हते. एक सफाईवाल्या बाई दादाचे निरोप आणायच्या. पहिल्या दिवशी, "चहा पाणचट आहे म्हणतात." दुसऱ्या दिवशी, "पेपर वाचता का विचारलंय." मग निरोप कमी झाले. मग त्या मान हलवायच्या आणि पुढे जायच्या.

वहिनींना सगळं मीच सांगितलं. बाटल्या, आकडे, झाकणं, चादर. एकही गोष्ट गाळली नाही. पलीकडे बाळ काहीतरी बोलत होतं, त्याचं त्याचं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "घरात होते तोवर जेवत होते ना नीट?"

"हो वहिनी. मी भरवत होतो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मला त्या साथीत एक दिवसही ताप आला नाही. माझा थोरला भाऊ ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, शुक्रवारी, सकाळी पावणेअकरा वाजता त्याच साथीने गेला.